दोन फरशांएवढी रेंज

सलाइनच्या स्टँडला क्रेप बँडेजने मोबाइल बांधला,
खाट खिडकीशी ओढली. रेंज तिथेच येते,
मोहाच्या झाडाच्या बाजूने, दोन फरशांएवढी.
टेंभुर्णे सिस्टर म्हणाल्या,
चला, शिकवण्यापायी पेशंटला वारा तरी लागला.

पलीकडे नागपूर. एकशे चाळीस मुलं.
पडद्यावर एका वेळी सहाच मावतात,
बाकीची फोनच्या पोटात.

इकडे निकेश वलथरे, वय एकोणीस, सिकलसेल.
लहानपणापासून इतक्यांनी चाचपलंय त्याला
की मी सांगायच्या आधीच गुडघे दुमडतो,
तोंड उघडून श्वास घेतो.

मी म्हणालो, पुस्तकात आहे
की या आजारात प्लीहा आटत जाते,
मूल मोठं होईतो उरतच नाही.
ज्यांना पाहून पुस्तक लिहिलं, त्यांची आटली.
आमच्याकडची पुष्कळदा राहते.
"सर, मग परीक्षेत काय लिहायचं?"

सुरुवात उजवीकडून करा, बेंबीखालून, तिरपं वर.
थेट डाव्या बरगडीशी गेलात
तर मोठी प्लीहा तुमच्या हाताखालीच राहील
आणि तुम्ही लिहाल: लागत नाही.
बोटं रुतवू नका. थांबा.
तो श्वास घेईल
तेव्हा ती आपणहून खाली येईल, बोटांना भेट—

"सर, तुमचा हात अडकला."

चार मिनिटं नागपुरात माझा हात
निकेशच्या पोटावर तसाच होता.
इथे तो मी कधीच उचलला होता,
सिस्टरनी चादरही ओढली होती अंगावर.

चित्र आलंच नाही. आवाज आला, एका मुलीचा.
"पण सर, लागते कशी? म्हणजे, कशासारखी?"

तेवीस वर्षं शिकवतोय.
ओठासारखी, म्हणालो. मग, नाकाच्या शेंड्यासारखी.
मग गप्प झालो.

निकेश म्हणाला,
"डोंगा बुडाला ना पान्यात, डाक्टर,
दिसत नाही, पन हात फिरवला का काठ लागते.
तसी."

"डोंगा म्हणजे?" कुणीतरी विचारलं.
निकेश हसला, मला म्हणाला,
"तुमी सांगा आता, मास्तर तुमी."

मग मी म्हणालो, हात आपापल्या पोटावर ठेवा.
तुम्हाला लागणार नाही.
न लागणं हाताला कसं लागतं
ते आधी शिका. घ्या श्वास.

ज्यांचे माइक उघडे राहिले होते
त्यांचे श्वास वॉर्डात आले.
बाजूच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली,
कोन आलं म्हणून दाराकडे पाहू लागली.

तेवढ्यात पडद्याच्या खाली एक ओळ,
फक्त माझ्यासाठी,
रोल नंबर एकशे सतरा, कॅमेरा बंद:
सर, मला लागतेय.

मोबाइलचं तोंड निकेशकडे होतं.
त्याने ती माझ्याआधी वाचली.

मी मोठ्याने वाचली नाही.
हजेरी घेतली.
एकशे सतराने "यस सर" म्हटलं, इतरांसारखंच,
आणि मी पुढचा नंबर घेतला.

बँडेज सोडताना गाठ सुटेना.
निकेश शर्टाची बटणं लावत म्हणाला,
"त्याले फोन लावा.
घाबरू नोको म्हना आधी.
मंग पानी पेत जा म्हना, तहान नसली तरी.
थंडीत उघडा हिंडू नोको म्हना.
अन् रातच्याले हाडं ठनकले,
तर माहा नंबर द्या."

तो की ती, मला माहीत नव्हतं.
यादी काढली, नंबर सापडला.
निकेशने पाय आखडून जागा दिली.
त्या दोन फरशांवर उभा राहिलो,
माझे हात गार पडले होते, एक खिशात घातला.
पलीकडे रिंग जात होती.